सिंहाचा मध आणि कावळ्याचे हात

हेर्मादियोने मला देवाला वाहिलं, तेव्हा त्याचा हिशोब साधा होता. देवाला दगड मिळावा आणि आपल्याला भक्तांमधली सिंहाची पायरी. मित्रांनो, तो दगड मी. ओस्तिया बंदरातल्या मिथ्रदेवाच्या तळघरातल्या देवळातली एक जुनी वेदी.

माझ्यावर सूर्याचं मुख कोरलेलं आहे. मुकुटाचे किरण आरपार पोखरलेले. मागून पोटात दिवा ठेवला की ते उजळतात. खाली हेर्मादियोचं नाव, देवाच्या नावाहून बोटभर मोठं.

आमच्या भक्तांत सर्वांत खालची पायरी कावळ्याची. त्याने पंगतीत वाढायचं. सिंह बराच वरचा, अग्नीचा माणूस. अग्नीचं पाण्याशी वैर, म्हणून सिंहाचे हात मधाने धुवायचे. विताल्यो आमचा सर्वांत म्हातारा कावळा. दिवसा बंदरावर दोर वळायचा, संध्याकाळी माझी काजळी पुसायचा. हातांवरच त्याचं पोट होतं.

"आजोबा, पंख गळाले, आता तरी वर चढा!" पंगतीतून कोणीतरी चिडवायचं.

"चढतो की. मग तुम्हाला वाढायला तुमची सासू येईल का?"

हेर्मादियो सिंह झाला त्या संध्याकाळी त्याच्या हातांवर मध ओतला गेला. तो लगेच माझ्याकडे वळला. "विताल्यो, दिव्यात तेल ओत. नाव दिसत नाहीये."

"मालक, हिचं पोट लहान आहे."

"दगड माझा, तेल माझं. तुझं काय जातंय? ओत!"

मी काठोकाठ भरले. पुरे म्हणायला कोरलेलं तोंड उघडतं कुठे? तेल ओघळलं आणि ज्योत मागच्या पडद्याला लागली. विताल्यो पाण्याचा घडा घेऊन धावला. हेर्मादियो चिकट हात पसरून आडवा आला.

"पाणी? सिंहासमोर? आणि आजच्या दिवशी?"

बाकीचे सिंह मागे सरले. कावळ्याने सिंहाचा शब्द मोडायचा नसतो. आग माझ्याच पोटातून निघाली होती, आणि मला जागचं हलताही येत नव्हतं. विताल्योने घडा खाली ठेवला. जळता पडदा नुसत्या हातांनी ओढला आणि पायांखाली तुडवला.

"देवाने वाचवलं!" हेर्मादियो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

विताल्योची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. दोर सुटले, पंगतही सुटली. वाढता न येणारा कावळा कोणाला हवा? माझी काजळी मग कोणी पुसली नाही. किरण बुजत गेले.

मित्रांनो, दिवा लावाल तिथे पाणी जवळ ठेवा, आणि ते घेऊन धावणाऱ्याला अडवू नका. त्या संध्याकाळी मध भक्तमंडळाने दिला, दगड आणि तेल हेर्मादियोने. हात विताल्योने दिले. माझ्यावर नाव मात्र एकाचंच आहे.