ओखल्याच्या काठावरची होडी

ताडपत्रीची कड हातात धरून सुधन्वा कितीतरी वेळ नुसताच उभा होता. ऊन अजून उन्हासारखं झालं नव्हतं. यमुनेपलीकडे नोएडाच्या उंच इमारतींच्या फटींतून ते पातळ होऊन येत होतं. आधी पाण्यावर, मग पाण्यावर दाटलेल्या जलपर्णीवर, मग काठाच्या पायऱ्यांवर, प्रत्येक पायरीशी जरासं घुटमळत. मे महिन्यातल्या धुळीने त्याचं सोनं काढून घेतलं होतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ, मऊ उजेड तेवढा उरला होता. शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या आवारात उपड्या पडलेल्या होड्यांच्या पाठींवरून तो उजेड सावकाश सरकत आला आणि कुंपणाजवळच्या पांढऱ्या होडीपाशी, ताडपत्रीच्या दोरावर येऊन थांबला. त्या उजेडात सुधन्वाला गाठ दिसली.

गाठ त्याची नव्हती. दोर खुंटीला बांधून झाला की उरलेलं टोक तो तसंच खाली सोडून देई. इथे मात्र उरलेल्या दोराची, फाशात फासा ओवत, नीट साखळी विणलेली होती. अशी साखळी विणणारा एकच माणूस त्याला माहीत होता, आणि तो कॅनडात होता. तेव्हा ही दुसऱ्याच कोणाची तरी करणी असणार, असं सुधन्वाने मनाशी ठरवून टाकलं.

होडी आशयची होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दोघं एकाच जिन्यावर वाढले, आणि पुढे याच काठावर शिडं हाताळायला शिकले. तीन वर्षांपूर्वी निघताना आशय म्हणाला होता, "मी येईस्तोवर सांभाळ." तेव्हापासून दर रविवारी लक्ष्मीबाई नगरहून येऊन सुधन्वा होडी पुसत असे आणि तिचा फोटो आशयला पाठवत असे. एकट्याने ती पाण्यात लोटावी, असं त्याला कधी वाटलं नाही. पूर्वी आशयची लांबलचक उत्तरं येत. हल्ली एक अंगठा येई. यंदाही सुट्टी नाही, असं त्याने होळीच्या सुमारास कळवलं होतं.

आज दुपारनंतर जोराच्या आंधीचा, धुळीच्या वादळाचा इशारा होता. गेल्या वर्षी अशाच आंधीत एक होडी ट्रॉलीसकट उलटून कुंपणावर जाऊन बसली होती.

आवाराची देखभाल करणारा गौरव चहाचा ग्लास घेऊन आला.

"गौरव, ये नाव किसी ने खोली थी क्या?"

"खोली होगी, सर जी. यहाँ तो रोज़ मेला लगा रहता है," गौरव म्हणाला आणि फाटकाकडे बघू लागला. "लो, मैडम भी आ गईं."

फाटकातून निधी येत होती, आशयची धाकटी बहीण. तीन वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. काल संध्याकाळी मात्र तिचा आपणहून फोन आला होता, मदतीला येते म्हणून.

"सॉरी, सुधन्वादादा. द्वारकेला मेट्रोत बसले आणि झोपच लागली. स्टेशन निघून गेलं."

"एवढ्या लांब कशाला आलीस? मी केलं असतं."

"एकट्याने डोलकाठी उतरवणार होतास? हिरोच आहेस बिल्कुल."

"तू मध्यंतरी इथे आली होतीस का?"

"मी? या वासात? चलो, काय काय करायचं ते सांग."



निधी वाकली आणि फारसं न बघताच तिने साखळीचं टोक ओढलं. वीण सरसर उलगडली.

"कुठलं टोक ओढायचं, ते कसं कळलं तुला?"

"आईची सकाळची ड्यूटी असायची ना. शाळेत जाताना दादाच माझे केस बांधायचा. वेणी काही त्याला जमायची नाही, मग रिबिनीची अशी साखळी करायचा. पोरी इतक्या हसायच्या!" तीही हसली, आणि एकाएकी ताडपत्रीची घडी घालू लागली.

त्यांनी शिडाची पिशवी आत शेडमध्ये नेली. मग डोलकाठी. तिचा बुडखा सुधन्वाने पायाने दाबून धरला. निधीने वरचा भार खांद्यावर घेऊन एकेक पाऊल मागे जायचं होतं. ती अर्ध्यावर असताना विमान गेलं. निधी थांबली आणि मान वर करून बघत राहिली. डोलकाठी एका बाजूला झुकली.

"निधी!"

"सॉरी, सॉरी."

काठी जमिनीवर टेकताच तिने खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. पुढचं विमान आलं तेव्हाही तिने तेच केलं. फोन वाजत नव्हता, तरी ती कोणाची तरी वाट बघत होती. सुकाणू काढायला सुधन्वा मागच्या बाजूला गेला, तर बिजागरीत जलपर्णीची मुळं अडकलेली होती. नखाने खरवडली, आतून ती अजून ओलसर होती. तीन वर्षं जमिनीवर असलेल्या होडीच्या सुकाणूत!

"तुम्ही होडी विकताय का?"

निधी वळली. "कोण म्हणालं?"

"गिऱ्हाईकाला दाखवायला पाण्यात उतरवली होती. हे बघ."

तिने त्याच्या बोटांवरची मुळं पाहिली. "कोणी विकत नाहीये, शप्पथ. तू ना, पोलिसात जायला हवं होतंस. मिनिस्ट्रीत फुकट चाललायस यार."

"मग सारखा फोन कशाला बघतेस?"

"आईचा येणार आहे."

आईच्या फोनसाठी कोणी आभाळाकडे बघत नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने, ट्रॉली वाऱ्याने सरकू नये म्हणून, तिच्या चाकांतली हवा सोडायला घेतली. निधीने होडीच्या तळाचं बूच काढलं, म्हणजे आत पडेल ते पावसाचं पाणी वाहून जाईल. मग होडीवरून आडवे दोर टाकून ते दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना ताणायचे होते. खुंट्या ठोकायला गौरव हातोडा घेऊन आला.

"अच्छा किया, सर जी. उस दिन वो भाई साहब भी यही बोल रहे थे, खूँटियाँ ढीली हैं."

"कौन भाई साहब?"

गौरवने निधीकडे पाहिलं. निधी नदीकडे पाहत होती.

"होंगे कोई. यहाँ तो सभी भाई साहब हैं."

ते भाई साहब दिसायला कसे होते, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. सुधन्वाने गौरवकडून हातोडा मागून घेतला आणि खुंटी स्वतःच ठोकू लागला. गौरव चार पैसे घेऊन कोणालाही होड्या देत असणार आणि निधीला ते ठाऊक असणार. कदाचित तिचाच कोणी मित्र असेल. खुंटी डोक्यापर्यंत जमिनीत गेली, तरी त्याचे घाव थांबले नाहीत.

"गेली आत," निधी हळूच म्हणाली. "बस कर."

दुपारी पश्चिमेकडचं आभाळ विटकरी झालं. घारी खाली उतरून दिसेनाशा झाल्या, आणि वारा असा पडला की जलपर्णीचं पानही हलेना. मग धुळीची एक भिंतच्या भिंत रस्ता ओलांडून आली. दोघं शेडमध्ये पळाले. पत्रे थडथडू लागले. बाहेर होडी पुढून उचलल्यासारखी झाली, दोर ताठ झाले, आणि ती पुन्हा खाली बसली. पुन्हा उचलली गेली, पुन्हा बसली. दोर धरत होते.

"धरलंय!" सुधन्वा ओरडला. "निधी, बघ, धरलंय!"

निधी होडीकडे बघतच नव्हती. पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून, फोन डोळ्यांजवळ धरून ती उभी होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. मग तिचे खांदे सैल पडले.

"निघालं," ती स्वतःशीच म्हणाली. "आंधीच्या आधी निघालं."

"काय निघालं?"

तिने फोन उलटा करून ओढणीत धरला. पापण्यांवर धूळ साचली होती. ती पुसण्याच्या निमित्ताने तिने बराच वेळ घेतला.

"विमान," ती म्हणाली.

सुधन्वाने बाहेरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तोच म्हणाला, खुंट्या ढिल्या आहेत, सुधन्वा एकटा असेल, तू जा." पत्र्यांच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि हे मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. "मी म्हटलं होतं त्याला. दोनदा म्हटलं. निदान फोन तरी कर."

बाहेर धुळीत आता होडी दिसत नव्हती, कुंपण दिसत नव्हतं, नदी दिसत नव्हती. सुधन्वा तरीही त्या दिशेला बघत राहिला.

आशय दिल्लीला येऊन गेला होता, आणि त्याला भेटला नव्हता.