काल उठल्यापासून

“वीस घरं फिरले मी, मा. वीसच्या वीस बायका सांगतात, आम्ही काही काम करत नाही!” महेकनं फॉर्मांचा गठ्ठा पलंगावर आपटला. “मॅडम फोनवर म्हणाल्या, यात काहीच दम नाही, टॉपिक चेंज कर. आता? पंधरा दिवसांनी माझं तिकीट आहे!”

शिवणयंत्रावर बसलेल्या बिलकीसचा पाय थांबला. शेजारच्या ओमानी घरातल्या लग्नाचा झगा सुईखाली होता.

महेक हैदराबादला समाजशास्त्र शिकत होती. बी.ए. आणि एम.ए. एकत्र, सलग पाच वर्षं. २००९च्या उन्हाळ्यात तीन पुरी झाली, आणि सुट्टीत ओमानमध्ये सहमला आईबापाकडे येताना तिनं प्रकल्प आणला : इथल्या आपल्या कोकणी बायका कामं काय करतात. इकडे उस्मानच्या, म्हणजे तिच्या बापाच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. दोह्याच्या एका चांगल्या मुलाचं स्थळ आलं होतं. तीन वर्षांवर बी.ए. पदरात पडतेच, मग पुढची दोन कशाला?

“असला कसला गो अभ्यास?” आदल्या दिवशी तो जेवताना म्हणाला होता. “बायका घरात बसतात, ह्या लिवायला पाच वर्षं लागतात? तुला काय, तू पन घरातच असतंस,” असं बिलकीसलाही जाता जाता ऐकवलं होतं. “त्यात काय निघाला तर जा. नाय तर खलास.”

माणूस वाईट नव्हता. अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, सिमेंट-लोखंडाच्या दुकानात वीस वर्षं उन्हात उभा राहून त्यानंच तर पोरीला शिकवलं होतं. पण एकदा बोलला की बोलला.

बिलकीसनं फॉर्म चाळले. रशीदा : काही नाही. अगं, नाक्यावरच्या कॅफेटेरियाला रोज तीनशे समोसे कोण देतं मग? मैना : काही नाही. जिच्या डब्यावर रत्नागिरीकडचे आठ फिटर जगतात, ती मैना! आणि सगळ्यात वर तिचा स्वतःचा फॉर्म. बिलकीस : काही नाही. मशीनवर पाय ठेवूनच तिनं ते सांगितलं होतं, आणि महेकनं निमूट लिहून घेतलं होतं. लहानपणापासून तेच ऐकत आलेली ती तरी वेगळं काय लिहिणार?

प्रत्येकीच्या पासपोर्टावर शिक्का होता : नवऱ्यासोबत राहायची परवानगी, काम करायची नाही. त्यामुळे कुणी हातात कागद घेऊन दारात आलं की ‘काही नाही’ हे तोंडातून आपोआप निघायचं. बिलकीसला हसू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. पोटच्या पोरीलाही आपण तेच सांगावं!

“चुकला तुजा,” ती म्हणाली. “कागद घेऊन उभी ऱ्हायलीस तर आमी दुसरा काय सांगनार?”

“पण मी महेक आहे ना! सगळ्या मला ओळखतात.”

“तू वळखीची. कागद कुठं वळखीचा हाय?”

“मग कसं विचारू?”

“काम म्हनून इचारूच नुको. काल उठल्यापासून काय काय केलंस, इतकाच इचार. आनि नाव लिवू नुको.”

महेक बघतच राहिली. “मा, दिस इज अ मेथड! पुस्तकात आहे हे. मी वाचलंय.”

“मग वाचून केलंस काय?”

त्याच दुपारी दोघी रशीदाकडे गेल्या. बिलकीसनं आपणहून लसणाची परडी पुढ्यात ओढली आणि सोलायला बसली. रशीदा पहाटे साडेचारपासूनचं सांगत सुटली ती दीड तास थांबली नाही. पाच दिवसांत महेकची वही भरली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून उस्मान जेवायला बसला. “काय निघाला?”

महेक वाचू लागली. पहिलं पान संपायच्या आत तो हसला. “ही रशीदा!” महेकनं पान उलटलं.

“फजरनंतर झग्याला जर लावली. नवऱ्याचा डबा केला. परत मशीनवर बसले. कापड आणायला भर उन्हात सूकला, बाजारात, चालत गेले. रात्री नवऱ्याला वाढलं. तो म्हणाला, तुला काय, तू पण घरातच असतेस. मग भांडी घासली आणि बाह्या जोडल्या.”

उस्मानचा घास हातातच राहिला. बिलकीस भात वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही. त्यानं ताटातलं संपवलं. मग हात धुवायला उठताना म्हणाला, “दोह्याला फोन करतू. पोरीची दोन वर्षं ऱ्हायलीत म्हनून सांगतू.”

महेकला रडू फुटलं. बिलकीसनं तिच्या पाठीवर थोपटलं.

दुपारी महेक आईचा फॉर्म नव्यानं भरत होती. “शिक्षण?”

“सातवी.”

महेकचं पेन पुढच्या रकान्याकडे गेलं.

“पुढं शिकायचा होता काय, ह्या नाय इचारत?”

“तो प्रश्न यात नाहीये, मा.”

“मग घाल,” बिलकीस म्हणाली आणि ओढणी डोक्यावर घेऊन उठली. “चल, पुन्ना एकोनीस घरां करायचीत.”