मास्तरांच्या नावावरची गाडी

१९७९ च्या उन्हाळ्यात आमच्या हॅमट्रॅमकमध्ये पेट्रोल गॅलनला एका डॉलरच्या वर गेलं आणि पहिली पंचाईत पंपांची झाली. पंपावरच्या आकड्यांच्या चकत्यांना नव्व्याण्णव सेंटच्या पुढे मोजताच येत नव्हतं. ज्याने त्या बनवल्या त्याला अमेरिकेवर अशी वेळ येईल असं वाटलं नसावं. मग पंपवाल्याने अर्ध्या गॅलनचा भाव लावला आणि वर पुठ्ठा टांगला, ‘येईल तो आकडा दुप्पट करा.’ मी चर्चच्या शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या गणिताच्या मास्तरांचं म्हणणं, दोनाचा पाढा गावाने इतक्या मनापासून कधीच म्हटला नव्हता.

माझ्या शेजारी काझिक वोयतास राहायचा. गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा तोही मोटारींच्या कारखान्यात. तिथे दारं बसवायचा. त्याची स्वतःची गाडी त्याच कारखान्यातली, आठ सिलिंडरची, आणि एवढी लांब की नाक घरी पोचलं तरी शेपूट हमरस्त्यावर राहायची. आम्ही तिला आगबोट म्हणायचो. ती सुरू करून काझिक फाटक उघडायला उतरला तर परत येईपर्यंत ती कपभर पिऊन बसलेली असायची. पण गाडी म्हणजे अशीच, हे काझिकचं मत होतं. युनियनच्या आवारात ‘परदेशी गाड्यांनी दुसरीकडे तोंड काळं करावं’ ही पाटी त्यानेच रंगवली होती. पाटीचं शुद्धलेखन मी तपासलं होतं. कामगार चळवळीतला माझा वाटा एवढाच.

काझिकची मुलगी इरेना लग्न करून दोन तासांवरच्या बे सिटीला गेली होती. मार्चमध्ये तिला मुलगी झाली. दवाखान्यातच काझिकने बायकोला, ब्रोन्याला, शब्द दिला: दर रविवारी नातीला भेटायला जायचं. ईस्टरपर्यंत शब्द पाळला गेला. मग पेट्रोलचा भाव असा चढला की एका फेरीत आगबोट आठवड्याचा बाजार पिऊन टाकायला लागली, आणि शब्द गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिला.

इरेनाची सासू मात्र बे सिटीतच, लेकाच्या पलीकडच्या रस्त्यावर राहायची. ती पायी यायची. तिला पेट्रोल लागत नव्हतं.

आम्ही मूळचे पोलिश, आमच्यात आजीला बुशा म्हणतात. ब्रोन्याच्या डोक्यात एकच किडा शिरला होता, की पोरगी पहिल्यांदा ‘बुशा’ म्हणेल ती त्या बाईकडे बघून.

“ती जर्मन आहे, मास्तर,” ब्रोन्या कुंपणावरून मला म्हणाली. “जर्मनांत आजीला शब्द नाही का? आमचा कशाला उचलायचा?”

“अगं, पोरगी अजून बुडबुडे काढते,” मागून काझिक म्हणाला.

“बुडबुड्यांनंतर बुशाच येतं,” ब्रोन्या म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिने काझिकशी भांडण केलं नाही. नुसतं रोज आंबवलेल्या कोबीचं सूप केलं. जूनच्या मध्यावर काझिक भरदुपारी माझ्या स्वयंपाकघरात आला, दार लावलं, पडदा ओढला.

“मास्तर, तू शिकलेला माणूस.”

अशी सुरुवात झाली की मी सावध होतो.

“तुझ्याबद्दल कारखान्यात कुणाचंच फारसं चांगलं मत नाही,” तो म्हणाला. “म्हणून तुझ्याकडे आलो.”

“बोल.”

“जपानी गाडी घ्यायची. तुझ्या नावावर. पैसे माझे, गाडी माझी, नाव फक्त तुझं. आगबोटीत जेवढं पेट्रोल बे सिटीला पोचायला लागतं तेवढ्यात ही जाऊन येते आणि वर चर्चलाही नेते, असं ऐकलंय.”

“कुणाकडून?”

“शिव्या देणाऱ्यांकडून. तेच सगळी माहिती ठेवतात.”

“आणि मला शिव्या पडल्या तर?”

“तू कारखान्यात कुठे आहेस? तुझ्याशी बोलणं टाकायला जुळणीच्या लाइनवर तुझ्या शेजारी उभं कोण असतं? माझं बघ. उद्या मी त्या गाडीतून उतरताना दिसलो तर माझ्याशेजारी बसून डबा खाणारा एक माणूस उरणार नाही. तीस वर्षं त्यांच्यात काढली मी, मास्तर.”

“माझ्या वर्गांत बेनेक शुल्गाची तीन मुलं आहेत.”

“नापास कर.”

बेनेक शुल्गा म्हणजे काझिकच्या लाइनवरचा सर्वांत मोठा आवाज. कारखान्यात भोंगा बिघडला तर त्याला उभं करतात अशी वदंता होती.

आम्ही ओळखीचं कुत्रं भेटणार नाही अशा लांबच्या गावी जाऊन गाडी बघितली. काझिकने काळा चष्मा लावला होता, त्यामुळे विक्रेता त्याच्याशी फार अदबीने बोलत होता. काझिकने इंजिन पाहिलं नाही, चाकं पाहिली नाहीत. त्याने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दार हलक्या हाताने, कुरकुर न करता बसलं. काझिकचा चेहरा पडला.

“चांगलं बसवलंय,” तो म्हणाला. शेजाऱ्याच्या मुलाला पहिला नंबर मिळाल्याचं सांगावं तशा आवाजात.

एवढ्या कमी पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांना तेव्हा एवढी मागणी होती की रंग निवडायची सोय नव्हती. उरली होती ती पिवळ्या मोहरीच्या रंगाची. माझ्या सहीने ती माझी झाली आणि आमच्यात तिचं नाव मोहरी पडलं.

पुढच्या आठवड्यात गावाने मला नव्याने ओळखलं. बेकरीतली बाई मला न विचारता कालचा पाव बांधून द्यायला लागली. न्हाव्याने माझ्या केसांच्या बाबतीत मन लावणं सोडलं. आणि सगळ्यांच्या पुढे, अर्थातच, काझिक. त्याच्यावर संशय येऊ नये म्हणून तो रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, “काय मास्तर, किल्ली दिली की चालते का रे ती?” बेनेक खदाखदा हसायचा. एका सकाळी वाइपरखाली खारवलेला हेरिंग मासा सापडला. तो कुणी ठेवला हे मी विचारलं नाही. मसाला ब्रोन्याच्या हातचा वाटत होता.

हे सगळं मी सोसलं ते टेसीसाठी, म्हणजे काझिकच्या नातीसाठी. बेत असा होता की दर रविवारी मी मोहरी घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी जायचं, नवरा-बायकोने हातात फुलं घेऊन तिथवर चालत यायचं, आणि पुढे काझिकने गाडी न्यायची. पहिल्या रविवारी दोघं आली. काझिक चाकामागे बसला. ब्रोन्या फुलं घेऊन उभीच.

“हिला आशीर्वाद झालाय का?” तिने विचारलं.

इथे आमची रीत सांगायला हवी. जुलैत संत क्रिस्टोफरचा दिवस येतो. हा प्रवाशांचा रखवालदार. रोमने त्याला दहा वर्षांपूर्वी मुख्य कॅलेंडरातून काढून टाकलं होतं, पण आमचं गाव गाड्यांवर जगतं, त्यामुळे आम्ही रोमचं तेवढंच ऐकलं नाही. त्या सुमाराच्या रविवारी सगळ्या गाड्या चर्चसमोर ओळीने लागतात. घरची माणसं बॉनेटवर हात ठेवून उभी राहतात. फादर लुडविक प्रत्येक गाडीशी थांबून विचारतात, “हिच्यातून कोण प्रवास करतं?” मग मोठ्याने नावं सांगायची, आणि त्या नावांवर पवित्र पाणी पडतं. असा आशीर्वाद न झालेल्या गाडीत आमच्या बायका बसत नाहीत.

“क्रिस्टोफरचा रविवार लांब आहे,” काझिक म्हणाला. “तोवर पोरीला दात येतील. बस.”

“नाही.”

ती फुलं अनोळखी थडग्यावर ठेवून आम्ही परत आलो.

मग क्रिस्टोफरच्या रविवारची वाट बघणं आलं. मी म्हणालो, मी गाडी रांगेत लावतो, माझं नाव सांगतो, काम झालं. ब्रोन्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आपण पदवी कुठून घेतली हे मी मनात तपासलं.

“मास्तर, नाव तुमचं सांगितलं तर आशीर्वाद तुम्हाला. आम्ही त्यात कोण? फुकटे? अपघात झाला तर तुम्ही वाचाल, आणि तुम्ही गाडीत नसालच.”

“मी म्हणेन, मी आणि शेजारी.”

“शेजारी खूप आहेत. संत काय घराघरातून चौकशी करत फिरणार?”

काझिकने तोड काढली की फादरांना खासगीत गाडीवर पाणी शिंपडायला सांगावं. फादर म्हणाले, आनंदाने, पण नावं सगळ्या गावासमोर घेतली जातात, कारण लपून घेतलेल्या आशीर्वादाला बहुतेक वेळा लपवण्याजोगं कारण असतं. फादर हसत नव्हते. काझिकने पुन्हा विषय काढला नाही.

तो रविवार उजाडला. आगबोटींची रांग चर्चच्या दारापासून पार कोपऱ्यापर्यंत. काझिकचा मान पुढचा, तिसऱ्या जागेवर. धुऊनपुसून उभी असलेली बोट, अंगात सूट, शेजारी ब्रोन्या नवी टोपी घालून. मोहरीला रांगेत कुणी घुसू देईना, म्हणून मी सगळ्यांत शेवटी. माझ्यापुढे बेनेक.

“मास्तर,” तो म्हणाला, “फादरांना सांग, तुझ्या गाडीला थेंब पुरे. जास्त पडलं तर बुडेल.”

आसपासचे हसले. मीही हसलो. शाळेची फी त्यांच्याकडून येते.

फादर एकेक गाडी करत निघाले. काझिकपाशी आले. “हिच्यातून कोण प्रवास करतं?” काझिकने छाती काढून सांगितलं, “काझिमिएर्झ वोयतास,” आणि ब्रोन्याचं नाव यायची वाट बघत थांबला. ब्रोन्या तिथे नव्हती. ती रांगेच्या कडेने, पर्स पोटाशी धरून, खाली चालत निघाली होती. एकेका गाडीशी माना वळत गेल्या. ती माझ्यापर्यंत आली, मोहरीला वळसा घातला आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

“वहिनी,” मी हळूच म्हणालो, “हे काय?”

“नातीला भेटायला जायचंय,” ती म्हणाली. “दात आले तिला.”

फादर आले. विचारलं. मी माझं नाव सांगितलं. माझ्यामागून ब्रोन्या स्पष्ट आवाजात म्हणाली, “ब्रोनिस्लावा वोयतास.”

बेनेकच्या हातातली सिगारेट तशीच राहिली. मी एकटा, बिनलग्नाचा. ती दुसऱ्याची बायको. आणि दोघांचे हात एकाच बॉनेटवर.

“काझिक,” बेनेकने रांगेच्या डोक्यापर्यंत पोचेल अशा बेताने विचारलं, “तुझी बायको मास्तराबरोबर फिरायला जाते का रे?”

मी काझिककडे पाहिलं. माणसाच्या आयुष्यात निवडीचे क्षण येतात असं मी मुलांना शिकवतो, पण सहसा समोर दोन राज्यं असतात. इथे एका बाजूला होतं जपानी गाडीचा मालक ठरणं आणि दुसऱ्या बाजूला, आता स्पष्टच सांगायचं तर, माझ्यापुढे हरलेला नवरा ठरणं. माझं पोट, माझा चष्मा, माझं टक्कल हे सगळं त्याने एकदा लांबून नीट बघून घेतलं. दुसरी बेअब्रू त्याला जास्त जड वाटली असावी.

तो चालत आला. वाटेत कुणाकडे पाहिलं नाही. बॉनेटवर हात ठेवला, माझ्या हाताला जरा बाजूला सारून.

“काझिमिएर्झ वोयतास,” तो म्हणाला. “फादर, गाडी माझी आहे. मास्तराचं फक्त नाव आहे.”

“मग मास्तरांचं नाव गाळू का?” फादरांनी विचारलं.

“राहू दे,” ब्रोन्या म्हणाली. “बिचाऱ्याने मासा सोसलाय.”

फादरांनी मोहरीवर पाणी टाकलं, थेंब नाही, चांगलं झोडपून. काझिक आगबोटीची किल्ली माझ्या हातात देऊन मोहरीत शिरला. गुडघे हनुवटीला लागत होते. कपडे बदलायला घरी जाऊ असं तो म्हणाला, पण ब्रोन्याने मांडीवर पर्स ठेवली होती आणि समोर बघत होती, त्यामुळे गाडी उत्तरेलाच वळली.

सोमवारपासून काझिकच्या शेजारी डबा खायला कुणी बसेना. तो मुकाट्याने खायचा. कुंपणाशी मला म्हणाला, “वाटलं होतं तेवढं वाईट नाही. जागा भरपूर मिळते.” पण म्हणताना तो कुंपणाची चांगली फळी उगाचच काढून पुन्हा बसवत होता. पुढच्या रविवारी मात्र दोघं गेली, आणि त्याच्या पुढच्याही. टेसीने अजून कुणालाच बुशा म्हटलेलं नाही. जर्मन बाईने हल्ली केक करायला घेतलेत, म्हणजे तिथेही धाकधूक आहे.

ऑगस्टात एका दुपारी माझं दार वाजलं. बेनेक शुल्गा उभा होता. मला वाटलं, धाकट्याच्या मार्कांबद्दल आलाय. तो आत आला, त्याने दार लावलं आणि पडदा ओढला.

“बायकोची आई टोलेडोला असते,” तो म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुजबुजताना ऐकलं. “म्हातारी आजारी आहे. दर शनिवारी बायकोला तिकडे न्यावं लागतं. मास्तर, तुझ्या नावावर अजून एक मावेल का?”

मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि कोणता रंग हवा ते विचारलं.

“मिळेल तो,” बेनेक म्हणाला. “फक्त दार कसं बसवलंय ते काझिकला जरा बघायला सांग. मी सांगितलं असं म्हणू नको.”