मुकेशने लावलेला कॅट

"अरं मुकेश, जीप भरली की रं! काढ नं आता," मागच्या बाकावरून बुधीबाई ओरडली. तिच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी होती आणि तीही कंटाळली होती.

"काढतो मावशे. हे हत्ती बसवू दे आधी."

"हत्ती? आता हत्तीपण बसवतोस काय गाडीत?"

सगळी जीप हसली. मुकेशने मोबाईल खिशात टाकला आणि किल्ली फिरवली. कासा ते डहाणू स्टेशन, मध्ये गंजाडला त्याचं घर, असा त्याचा रोजचा फेरा. जीप भरेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर तंबाखू मळायचे. हा मोबाईलवर पत्त्यांचा कॅट लावत बसायचा. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. या खेळात हत्ती, तिरंदाज, वैदू असले पत्ते. त्यातले तीस आपण निवडायचे आणि समोरच्याच्या तिसांशी झुंजवायचे. समोरची म्हणजे त्याची लेक, हर्षदा.

खेळ तिनेच शिकवला होता. दहावीनंतर पोरगी बापाशी बोलेनाशी झाली. भांडण नव्हतं, विषयच नव्हता. "जेवलीस?" "हो." संपलं. खेळ आला आणि एक ओट्यावर, एक आत खाटेवर बसून बापलेकीची जुंपायला लागली. "याड लागलंय दोघांना," त्याची बायको सुषमा म्हणायची, पण चहा दोघांना जागेवर आणून द्यायची.

मुकेश मात्र एकदाही जिंकला नव्हता. आणि आता हर्षदा नर्सिंग शिकायला पुण्याला निघाली होती. तिने मुद्दाम हरून नव्हे, खरोखर, एकदा तरी तिला हरवायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरता भरता ती त्याच्या खांद्यावरून डोकावली. मुकेश एकेक पत्ता काढत होता, परत घालत होता.

"काय चाललंय, बाबा?"

"नंबर लावतोय. हत्ती आधी घातले, आत सरकवले. त्यांना शेवटी उतरायचंय. तिरंदाज आता घालतो, म्हणजे ते दाराशी. पहिले उतरतील."

हर्षदाला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि ती बॅगेवरच बसली. "बाबा, ही जीप नाही! खेळ सुरू झाला की मोबाईल सगळे पत्ते पिसतो. कसेही घाल तू."

"दर वेळी पिसतो?"

"दर वेळी!"

"मग मी पावसाळाभर..."

ती पोट धरून हसली. सुषमा तव्यावरची भाकरी सोडून बाहेर आली, तीही हसली. मुकेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले. बिचारा हरला की समजायचा, कोणीतरी चुकीच्या जागी बसलाय.

हर्षदाने ते कान पाहिले. हसू आवरून ती शेजारी येऊन टेकली. "दे इकडे. एवढे हत्ती कशाला? एक हत्ती उतरवायला आठ ठिणग्या लागतात, आणि फेरीला ठिणगी एकच वाढते. तोवर मी तुला खाऊन टाकते."

"पण हत्ती जोरदार आहेत."

"दोन ठेव. बाकीच्यांना घरी पाठव."

मुकेशच्या अगदी जिवावर आलं. आयुष्यात त्याने कोणाला जीपमधून उतरवलं नव्हतं. दाटीवाटी केली असती, पण नाही म्हटलं नसतं. तरी त्याने हत्ती काढले आणि ती सांगेल ते हलके पत्ते घेतले. तिच्या कॅटची दुखरी बाजूही तिनेच सांगितली. आधी माझे तिरंदाज मार, म्हणाली. बोलता बोलता विषय हॉस्टेलवर आला. खोलीत चौघीजणी असणार, ओळखीची एकही नाही.

"भ्या वाटतं?" मुकेशने विचारलं.

"थोडंसं."

इतकं ती दोघं कित्येक वर्षांत बोलली नव्हती. त्या नादात डाव मात्र राहूनच गेला.

सकाळी त्याने दोघींना स्टेशनवर सोडलं. मुलींच्या हॉस्टेलात बाप्यांना आत घेत नाहीत, म्हणून सोबत सुषमा निघाली होती. "गाडी सुटली की डाव टाकते," हर्षदा खिडकीतून म्हणाली. "पण सोडणार नाही हां तुला."

"सोडू नकोस."

गाडी गेली. तो बाहेर जीपमध्ये येऊन बसतो तोच तिचा डाव आला. आज त्याचे हलके पत्ते पटापट उतरले. त्याने तिचे तिरंदाज आधी मारले. तिच्या बाजूला पहिल्यांदाच जागा रिकामी दिसू लागली. 'बाबाऽऽ!' तिने लिहून पाठवलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने हॉर्नच वाजवला.

मग तिची पाळी आली आणि ती काही खेळेना. तो वाट पाहत राहिला. गाडी कुठेतरी रेंजच्या बाहेर गेली असणार. थोड्या वेळाने पडद्यावर फुलं उधळली आणि अक्षरं आली: 'प्रतिस्पर्धी निघून गेला. तुम्ही जिंकलात!'

सुक्या बोंबलांची पाटी घेऊन गंजाडची भिकी पुढच्या सीटवर चढली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं रं मुकेश?"

"जिंकलो."

"कोणाला हरवलंस?"

मुकेशने हर्षदाला नवा डाव टाकला आणि मोबाईल समोर काचेपाशी उभा केला.