तळ्यापल्याडचं माहेर

जगदेवीचं सासर तळेवाडी, माहेर उमरदरा. मधे निजामाच्या काळातलं मोठं तळं. सासरच्या अंगणातून तिला माहेरच्या महादेवाचं शिखर दिसायचं, पण जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. माय वारली तेव्हा श्रावण होता, ओढे तुडुंब. निरोप मिळताच ती निघाली, पोचली दुसऱ्या दिवशी. धाकट्या भावानं, मन्मथनं, तोवर त्यांच्या रीतीप्रमाणं मायला पुरून माती देऊन टाकली होती. "तोंड तरी बघू दिलं असतंस," एवढं म्हणून ती उंबऱ्यातूनच परतली. पुन्हा गेली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला. तळेवाडी त्यात आली, उमरदरा नांदेडातच राहिलं. पुढच्याच साली पावसानं पाठ फिरवली. चैतात तळं आटलं. तळेवाडीकरांनी तळ्याच्या मधोमध झिरा खोदला. कमरेइतक्या खड्ड्यात पाणी लागलं, तशी पल्याडची माणसंही घागरी घेऊन आली. तळेवाडीचे व्यंकटराव पाटील आडवे आले.

"हे पाणी लातूर जिल्ह्याचं. तुमी तुमच्या नांदेडात खोदा."

गर्दीत मन्मथ होता. झिऱ्यावर घागर भरणाऱ्या बहिणीकडं न बघता तो म्हणाला, "पाटील, एक घागर द्या. घरी बायको बाळंतीण हाय."

जगदेवीचा हात थांबला. भावजयीला, शिवकन्येला, दिवस गेल्याचंही तिला कुणी कळवलं नव्हतं. तिनं आपली भरलेली घागर भावापुढं ठेवली.

"वहिनी, आधी आपलं गाव," व्यंकटराव म्हणाले.

"माझं माहेर कोणत्या जिल्ह्यात ठेवायचं, मला इचारलं व्हतं का कुणी? माझ्या वाट्याची घागर हाय. मी देणार."

पाटील बाजूला झाले. भेगाळलेल्या गाळातून बहीणभाऊ निघाले. चालता चालता मन्मथ बोलला.

"अक्का, त्या दिशी पाऊस थांबंना. खड्ड्यात पाणी भरून राहिलं होतं. दोनदा उपसलं. आणखी थांबून मायला पाण्यात कसं ठेवू?"

"तवाच का न्हाई सांगितलंस?"

"तू थांबलीस कुठं?"

पदरानं डोळे पुसत ती चालत राहिली.

घरी शिवकन्येनं लेक तिच्या मांडीवर दिली. वाटीभर पाण्यात फडकं भिजवून जगदेवीनं पोरीचं अंग पुसलं.

चार दिवसांनी दोन्ही गावांच्या पाळ्या ठरल्या. कुरबुरी चालूच राहिल्या. जगदेवी बारशापर्यंत माहेरीच थांबली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं पोरीचं नाव गुरम्मा ठेवलं, मायचं, आणि मगच सासरी परतली.