खिडकीतला पेला

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. जुना असलो तरी थेंबभर गळत नाही बरं का! गौलीगुडा बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात आम्हा सहा भावांवर ‘पंचफुला दौलत’ असे नाव कोरले गेले, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. रेल्वेतली नोकरी संपल्यावर काही वर्षांनी दौलतराव वारले. आता त्यांची पत्नी पंचफुलाबाई तारनाक्याला मुलगा, सून मंगला आणि नात पिंकी यांच्याबरोबर राहतात.

गेल्या वर्षी बुद्धविहारात ज्येष्ठांची रक्ततपासणी होती. “मला काय धाड भरलीय?” म्हणणाऱ्या बाईंना मंगलाने ओढतच नेले. पुढच्या तपासण्यांत हेपॅटायटिस सी निघाला! मुलाच्या जन्मावेळी चढवलेल्या रक्तातून तो आला असावा आणि इतकी वर्षे गुपचूप यकृत पोखरत असावा, असे डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी बाईंनी मला रांगेतून उचलून खिडकीत ठेवले. “हा माझा. कुणी शिवू नका.”

मला फार वाईट वाटले. लहानपणी गावात जातीपायी त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला असायचा. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. आणि आता त्यांनीच स्वतःला वेगळे काढले. पिंकी कुशीत शिरायला आली, की त्या म्हणत, “नक्को गे माय, दूर बस.”

शेवटी मंगलाने मला पिशवीत घालून थेट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. ते हसले. “अम्मा, ये गिलास से नहीं फैलता, खून से फैलता है. पोती को गले लगाओ!”

बारा आठवडे रोज एक गोळी माझ्याच पाण्याने पोटात गेली. तरी बाई ऐकेनात. “आधी रिपोर्ट येऊ दे. माझ्या लेकराला काही झालं तर?”

गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. मंगला कागद घेऊन धावतच आली. “आई, गेला! पूर्ण गेला!”

बाईंनी तो कागद हातात घेतला. पिंकीने संधी साधून त्यांचे उरलेले पाणी माझ्यातून घटाघटा पिऊन टाकले. अडवायला उठलेला बाईंचा हात तिच्या डोक्यावर टेकला. “पी माय, पी,” म्हणत त्या रडू लागल्या. मलाही हायसे वाटले.

मित्रांनो, काही दुखत नसले तरी आजी-आजोबांना एकदा तपासणीला न्या. आजार निघाला, तरी बरे होण्याची वाट न पाहता त्यांना जवळ घ्या. मी आता रांगेत आहे. खिडकीत आमच्यापैकी कोण होता, हे बाईंनाही ओळखता येत नाही.