खाली कोण उतरणार

नरहरीनं अठरा वर्षं ट्रकवर क्लीनरचं काम केलं आणि ते इतकं मन लावून केलं, की तेच त्याला नडलं.

झालं असं की हेवी लायसन्सची टेस्ट होती. राज्य नवीन, रायपूर राजधानी होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, जिकडं बघावं तिकडं बांधकाम, त्यामुळं टेस्टच्या मैदानावर ही गर्दी. नरहरीनं ट्रक झकास पुढं नेला, वळवला, चढावर थांबवून पुन्हा उचलला. मग साहेब म्हणाले, "अब पीछे लो." त्याबरोबर हा एक्केचाळीस वर्षांचा बाप्या हँडब्रेक ओढून खाली उतरला, धावत मागं गेला आणि फाळक्यावर दोन थापा मारून ओरडला, "आने दे, आने दे!"

केबिन रिकामी होती. आणणार कोण?

ट्रक मागं घ्यायचा म्हणजे क्लीनरनं उतरून मागं उभं राहायचं. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. अठरा वर्षांत हे अंगात असं मुरलं होतं की 'पीछे' हा शब्द कानावर पडला आणि पाय आपोआप जमिनीवर आले. मैदानावरची माणसं पोट धरून हसली. साहेबही हसले, आणि हसत हसतच त्यांनी नापास लिहिलं. आठवड्यानं या म्हणाले.

हसणाऱ्यांचं काय जातं? त्याचे उस्ताद, म्हणजे गाडीचे ड्रायव्हर श्यामकांत, त्याच्यासारखेच विदर्भाकडून इकडं आलेले, मोतीबिंदूनं बेजार झाले होते. त्यांचं लायसन्स महिनाअखेर संपत होतं आणि डॉक्टर सही करायला तयार नव्हता. शेठनं सरळ सांगून टाकलं होतं की तोवर नरहरीला लायसन्स मिळालं तर गाडी त्याची, नाहीतर नवा ड्रायव्हर येईल, आणि तो स्वतःचा क्लीनर घेऊन येईल. म्हणजे नरहरी रस्त्यावर.

घरी त्यानं बायकोला, इंदूला, सगळं सांगितलं. तीही आधी पदराआड हसली, मग गंभीर झाली.

"हसू द्या त्यायले," ती म्हणाली. "तुमचं डोकं नाई चुकलं, हात चुकला. मंग हातालेच अडवा ना."

दुसऱ्या दिवसापासून बीरगांवच्या मोकळ्या मैदानात सकाळी सहाला सराव सुरू झाला. नरहरीनं दाराचा खटका गमछ्यानं करकचून बांधला. गाडी मागं घ्यायची वेळ आली की उजवा हात सवयीनं खटक्याकडं जाई आणि गाठीवर आपटे. पहिल्या दिवशी अकरा वेळा आपटला. उस्ताद शेजारी बसून मोजत होते.

मागं उभं राहायला कुणीच नव्हतं. उस्तादांना म्हणावं, तर त्यांचा कायदा ठरलेला, की उस्ताद खाली उतरत नसतो. अठरा वर्षं त्यांचा चहासुद्धा नरहरीनं खिडकीत नेऊन दिला होता. तेव्हा नरहरी नुसत्या आरशांवर गाडी मागं घेऊ लागला. चौथ्या दिवशी त्यानं खुणेसाठी मागं ठेवलेलं पिंप चेपलं. सहाव्या दिवशी पिंप वाचलं आणि हात एकदाच गाठीवर गेला. गडी हट्टाला पेटला होता.

टेस्टच्या दिवशी साहेबांनी तो बांधलेला खटका पाहिला आणि तोंड वाकडं केलं. दार उघडता यायलाच पाहिजे, हे सोडा आधी, म्हणाले. नरहरीनं गाठ सोडली, गमछा गळ्यात टाकला. आता हाताला अडवायला काही उरलं नव्हतं.

"अब पीछे लो."

हात गेलाच. बोटं खटक्यावर टेकली. नरहरीला त्या हाताचा असा राग आला की त्यानं मूठ आवळून तो ओढून आणला आणि स्टेअरिंगवर ठेवला. मग आरशात पाहिलं. मागं, दोन चुन्याच्या रेघांच्या मधोमध, त्याची जागा होती. धुरात, धुळीत, चिखलात तो अठरा वर्षं जिथं उभा राहिला होता, ती जागा, आणि तिथं आज कुणीच नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. पण तिथून गाडी कशी दिसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चाक रेघेपासून किती लांब आहे, हे तो तिथं उभा असल्यासारखं पाहत गेला. गाडी सरळ मागं गेली आणि रेघेच्या वीतभर अलीकडं थांबली. साहेबांनी कागदावर सही केली.

लायसन्स हातात पडलं त्या संध्याकाळी ट्रक शेठच्या आवारात लावायचा होता. दोन भरलेल्या गाड्यांच्या मधली जागा अरुंद होती. नरहरीनं आरशात पाहिलं, तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. उस्ताद गुडघे सांभाळत, पायरी चाचपत खाली उतरत होते.

"उस्ताद, तुम्ही काहून उतरून राहिले? मी घेतो ना आरशात पाहून."

"मी कुठं कायदा मोडला? उस्ताद तर वरच बसला आहे," श्यामकांत म्हणाले, आणि गाडीच्या कडेला हात लावत लावत मागं गेले.

फाळक्यावर दोन थापा पडल्या. मोतीबिंदूच्या त्या डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं, म्हणून नरहरी आरशात त्यांनाच सांभाळत हळूहळू गाडी मागं घेत गेला.